घारीनंतरचं पान

मी जामसर सोडलं त्या सकाळी आई माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. ती कोंबडीखाली अंडी मांडत होती, आणि अंडी मांडताना बोलायचं नाही असा आमच्या घरचा नेम. बोललं तर अंडी गार पडतात म्हणे. ती कोंबडी चार दिवस आधीपासून खुडूक होऊन बसली होती. आईला ती काल बसवता आली असती, उद्याही आली असती. पण तिने टोपली काढली ती नेमकी मी गाठोडं खांद्यावर घेतल्यावर. टोपलीत भाताचा पेंढा घातला, एकेक अंडं उन्हाकडे धरून तडा नाही ना ते बघितलं, खाली ठेवलं. थोरला भाऊ लखमा मला रेल्वेपर्यंत पोचवायला निघाला होता. तो म्हणाला, "चाल, ऊन चढंल." आईने मान वर केली नाही.

डहाणूच्या स्टेशनापर्यंत आमची दोन दिवसांची पायवाट. त्यातला अर्धा दिवस मी लखमाला ऐकवत होतो, की हिला पोटच्या पोरापेक्षा कोंबडी जड. लखमा ऐकून घेत होता. बोलावं लागू नये म्हणून तिने ती टोपली काढली होती, हे कळायला मला स्वतःला बाप व्हावं लागलं.

हे मी तुमच्यासाठी लिहितो आहे. तुम्ही म्हणजे जे तिथेच राहिलात आणि आता मी आलो की पाहुण्यासारखी खाट टाकता. आणि तुम्हीही, जे माझ्यामागून डोंगर उतरून इकडे आलात आणि गावच्या माणसाला चाळीच्या जिन्यात भेटलात की आधी त्याच्या चपलांकडे बघता. दोघांवरही माझा थोडा राग आहे, पण लिहायला दुसरं कुणी नाही.

जव्हारच्या संस्थानी शाळेत मी चार इयत्ता शिकलो. अभ्यासात बेताचा, पण चित्र बरं काढायचो. तिथल्या मास्तरांच्या ओळखीने गिरगावातल्या एका शिळाछाप प्रेसमध्ये मला काम मिळालं. शिळाछाप म्हणजे गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं आणि त्यावरून कागद छापायचे. छापल्यावर चित्र सुलट यावं म्हणून दगडावर सगळं उलटं काढावं लागतं. पहिली दोन वर्षं मी नुसते दगड घासले. बोटांची सालं निघाली.

मुंबईत आल्या आल्या मी घरी पत्र लिहिलं. इथला भात गोड लागत नाही, नागलीची भाकर आठवते, आठवली की रडू येतं, असं खरं खरं लिहिलं. आईला वाचता येत नव्हतं. ती पत्र घेऊन गावच्या मास्तरांकडे गेली आणि त्यांनी ते पाटलाच्या ओट्यावर बसून खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. पुढे कितीतरी दिवस लखमा दिसला की लोक विचारत, भावाला भाकर मिळाली का. तेव्हा आमच्या बाजूची काही माणसं एका लाकूड ठेकेदाराबरोबर मुंबईपर्यंत यायची. त्यांतल्या एकाबरोबर आईने निरोप धाडला, "लिवू नको. सगल्या गावाला कळतं न माना नांय कळत. माना कळंल असं काढून धाड."

आमच्याकडे लग्नात बायका भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवाचा चौक काढतात, आणि त्याला चौक लिहिणं म्हणतात. असं लिहिण्यासाठी आईला पाच पाड्यांवरून बोलावणं यायचं. भिंत वाचण्यात तिने मास्तरांना कधीच मागे टाकलं असतं. तेव्हा मी काढून धाडू लागलो.

माणसं काढायचा मला संकोच वाटे, म्हणून मी कोंबड्या काढल्या. घरी एक उघड्या मानेची कोंबडी होती, ती आई. तुरा एका बाजूला पडलेला कोंबडा म्हणजे लखमा, आणि ते त्याने मला अजून माफ केलेलं नाही. लांब पायांचा, पिसं नीट न फुटलेला कोंबडा मी. खोली मिळाली तेव्हा त्या कोंबड्यावर डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायची टोपली, काढलं. ताप आला तेव्हा त्याला पिसं फुलवून, डोळे मिटून उभा केला. तर आईने पुढच्या माणसाबरोबर काढ्याची मुळी धाडली. जव्हारहून येणारं टपाल गावच्या मास्तरांकडेच यायचं. ते लखोटा फोडून बघत आणि मुकाट्याने आईच्या हातात देत. पोरगा मुंबईला जाऊन खुळावला अशी त्यांची खात्री झाली असावी.

मग माझं लग्न झालं. गंगी सूर्यमाळची, तिला आई नव्हती. पहिल्या बाळंतपणाला आईने तिला जामसरला बोलावलं असतं, पण दिवस भरले ते भर पावसात, नद्या फुगलेल्या असताना. मुलगी चाळीतच झाली. तिच्या पाठीवर जन्मापासून बोटभर लांबीची काळी खूण होती. मी पांढऱ्या कोंबडीच्या, म्हणजे गंगीच्या, पंखाखाली एक पिलू काढलं, त्याच्या पाठीवर एक काळी रेघ ओढली आणि धाडून दिलं. मुलीचं नाव तेवढं कळवायचं राहिलं, कारण नाव काढता येत नाही. ठेकेदाराचं काम तोवर बंद पडलं होतं आणि आमच्या बाजूचं कुणी मुंबईत येत नव्हतं. म्हटलं, भातकापणीला घेऊनच जाऊ, तिथे सगळ्यांच्या देखत सांगू. पहिल्या वर्षी रजा मिळाली नाही. सव्वा वर्ष मी पिलूच काढत होतो. बसलेलं, उभं राहिलेलं, दाणा टिपणारं. प्रत्येकाच्या पाठीवर ती रेघ.

दुसऱ्या दिवाळीच्या आधी मुलीला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली.

मला ते काढता आलं नाही. कागद पुढे घेतला की हात त्या पिलापाशी थांबायचा. महिना उलटल्यावर घरून चित्र का नाही म्हणून काळजी करतील असं मनाला सांगून मी पिलू काढलं; कोंबडीच्या मागे पळणारं. त्यानंतर आणखी एक. गंगी बघत होती. ती म्हणाली, "आयीला कळव. माना तिच्याकडं जावाचा हाय." मी म्हटलं, कळवतो, जरा थांब. तिला ज्या एका माणसाजवळ रडता आलं असतं त्या माणसाला मी काढून काढून खोटं सांगत होतो, आणि त्यामुळे गंगीला घरीही जाता येत नव्हतं. हे तेव्हाही मला कळत होतं.

त्याच दिवसांत प्रेसच्या शेठनी मला चित्रं काढायला पहिलं पुस्तक दिलं. लहान मुलांचं, चित्रांचं, एका कोंबडीची आणि तिच्या अंड्यांची गोष्ट. लिहिणारे गृहस्थ पुण्याचे, सज्जन, पण कोंबडी त्यांनी जन्मात हातात धरली नव्हती. त्यांच्या गोष्टीत अंडी तिसऱ्या दिवशी फुटत होती. मी म्हटलं, एकवीस दिवस लागतात. ते म्हणाले, एवढा वेळ मुलं थांबणार नाहीत. त्यांना कोंबडीखाली गादीही हवी होती. मी पेंढा काढला आणि त्यांनी तो गादी समजून पसंत केला. गोष्ट अशी: कोंबडी अंडी उबवते, पिलं निघतात, अंगणभर हिंडतात, आणि सगळ्यांत धाकट्यावर घार झडप घालते. त्या पानावर घार, तिच्या पायात पिलू, खाली मान वर करून ओरडणारी कोंबडी. पान उलटलं की पिलू एरंडाच्या झाडाखाली सुखरूप सापडतं आणि आईच्या पंखाखाली जाऊन झोपतं. मुलांनी थोडं भ्यावं आणि लगेच हसावं असं गृहस्थांचं म्हणणं होतं.

मी खाली मान घालून काम केलं. पुस्तक देखणं उतरलं, तीन रंगांत. शेठनी दोन प्रती दिल्या. त्यातली एक मी लखमाच्या मुलासाठी जामसरला धाडली. खरं सांगायचं तर दाखवायलाच धाडली, की बघा, दगड घासणारा आता कुठे पोचला.

सहाव्या-सातव्या दिवशी दुपारी मी दगडावर रोलर फिरवत होतो आणि प्रेसच्या दारात आई उभी होती. मागे लखमा, पाय धुळीने भरलेले. लखोट्यावरचा प्रेसचा ठसा माणसामाणसाला दाखवत ते स्टेशनापासून तिथवर आले होते. आई याआधी जव्हारच्या पलीकडे कधी गेली नव्हती. तिने कमरेचं फडकं सोडलं, त्यातून पुस्तक काढलं, घारीचं पान उघडलं आणि त्या पिलावर बोट ठेवलं.

"ही तुजी पोर ना?"

मी बघितलं. पिलाच्या पाठीवर काळी रेघ होती. आधीच्या पानांवरही होती. गोष्टीत तिचा कुठे उल्लेख नव्हता, कुणी मला ती काढायला सांगितली नव्हती. दीड वर्षाच्या सवयीने हाताने ओढली होती.

"आये, ती गोष्ट हाय," मी म्हणालो. "पोरांसाठी लिवलेली. पुढं बघ, पिलू सापडतंय."

"पुढं माना नांय उघडवला."

दोन दिवस चालत, मग आगगाडीत, ती ते पुस्तक कमरेला बांधून आली होती आणि घारीच्या पुढे गेली नव्हती. मला वाटलं, सुटलो. मी तिच्या हातातून पुस्तक घेतलं आणि पान उलटून तिच्यापुढे धरलं. ती ते घेऊन खिडकीच्या उजेडात गेली. चौक लिहून झाल्यावर कुठे काही राहिलं का ते बघते, तसं तिने बघितलं. मग म्हणाली, "ही ती नांय. ही दुसरी हाय."

एरंडाखाली सापडलेल्या पिलाच्या पाठीवर रेघ नव्हती. पंखाखाली झोपलेल्यांत ती कुणाच्याच पाठीवर नव्हती. त्या पानांची प्रुफं शेठनी तपासली होती, पुण्याच्या गृहस्थांनी तपासली होती, मी तीनदा तपासली होती. कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. मी तिथेच, दगडाशेजारी, खाली बसलो. मुलगी गेल्यापासून मी रडलो नव्हतो. आई माझ्याजवळ बसली आणि तिने माझं शाईने माखलेलं मनगट धरून ठेवलं. शेठ बाहेर आले, आमच्याकडे बघितलं, रोलर उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "घरी जा आज."

आईने विचारलं, "नाव काय होता तिचा?"

"सुमन."

"सुमान," आई म्हणाली. तिच्या जिभेला ते तसंच बसलं, आणि मला ते बरं वाटलं.

खोलीवर गंगी तांदूळ निवडत बसली होती. आईने सूप बाजूला सारलं आणि तिच्यासमोर बसून म्हणाली, "सुमान कशी होती, माना सांग." मी आणि लखमा जिन्यात जाऊन उभे राहिलो. आतून आधी नुसतं रडणं ऐकू आलं, मग बोलणं. सव्वा वर्षाची मुलगी सांगायला गंगीला चार दिवस लागले. त्यातलं निम्मं मलाही ठाऊक नव्हतं. मी दिवसभर प्रेसमध्ये असायचो. अंडी विकणारा चाळीत आला की ती त्याच्या टोपलीखाली कोंबडी शोधायची, हे मी तेव्हा ऐकलं.

आठ दिवसांनी आई गंगीला घेऊन जामसरला गेली. मी भातकापणीला गेलो तेव्हा गंगीचा चेहरा भरला होता आणि लखमाच्या घरी मुलगी झाली होती. आमच्याकडे मूल झालं की गेलेल्यांपैकी कोण परत आलं ते बघतात. ताटलीत पाणी घेऊन म्हाताऱ्या बाया तांदळाचे दोन दाणे सोडतात आणि एकेकाचं नाव घेतात. ज्या नावाला दाणे जवळ येतात, ते नाव. आजीचं झालं, आत्याचं झालं, दाणे लांबच. मग आई म्हणाली, "सुमान." एक म्हातारी म्हणाली, "ती पोर अठं कदी आलीच नांय. तिला घर कसा वळखंल?"

"मी आनलीय तिला," आई म्हणाली.

दाणे एकमेकांना लागले. मी ताटलीजवळच बसलो होतो. आईचा हात कडेला लागला होता की नव्हता ते मी बघितलं नाही.

ते पुस्तक पुन्हा छापायचं ठरलं तेव्हा कुणा चौकस मुलाच्या बापाने शेठना ती चूक कळवली होती. शेठ म्हणाले, रेघ घालून टाक, दगड तयार आहे. मी म्हटलं, ते पान राहू द्या. त्यांना प्रेसच्या दारातली दुपार आठवली असावी. ते पान तसंच छापलं गेलं, आणि अजून तसंच छापलं जातं.

आम्हाला पुढे एक मुलगा झाला. तो जामसरला गेला की दोन दिवसांत कंटाळतो आणि नळ कुठे आहे ते विचारतो. माझंही आता तिथे फारसं काही नाही. शेत लखमाचं, घर लखमाचं, झोपायला दिलेली खाटही त्याच्या व्याह्यांनी दिलेली. चाळीतला शेजारी विचारतो, तुमचं घर कुठलं, तर मी जामसर म्हणतो आणि मनात थोडा ओशाळतो. तरी कापणीच्या दिवसांत आम्ही दोघं जातोच. दिवस कलला की आई अंगणात उभी राहून हाक मारते, "सुमान, घरात ये." ओट्यावर मी आणि गंगी काहीतरी बोलत असतो. ते बोलणं तिथेच थांबतं, आणि लखमाची मुलगी धावत आत येईपर्यंत आम्ही दोघंही वाटेकडे बघत राहतो.