निळ्या ड्रेसच्या आतल्या शिवणी

टेपमावशीचं खरं नाव विचारलं असतं, तर गल्लीतल्या निम्म्या लोकांना डोकं खाजवावं लागलं असतं. गळ्यात सदा टेप. भाजी आणायला गेली तरी टेप, मयताला गेली तरी टेप. नवरा म्हणायचा, "हिच्या गळ्यात मी साखळी घातली होती. ती कपाटात गेली. टेप राहिली."

जिन्याखाली तिचं दुकान. पायडलचं मशीन, कापायचं टेबल, कोपऱ्यात इस्त्री. भिंतीभर खुंट्या आणि प्रत्येक खुंटीला एकेक कापडी पिशवी. ज्याचं कापड त्याची पिशवी. एकाचा दोरासुद्धा दुसऱ्याच्या पिशवीत गेलेला तिला खपायचा नाही. घोळ होतात ते पिशव्यांची सरमिसळ झाली की, असं ती म्हणायची. या शिस्तीवरच तिनं दुकान नावारूपाला आणलं होतं.

नजर तर विचारू नका. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत तिला कळायचं, दंड भरलेत की कंबर उतरलीय. एका सुनेला दिवस गेल्याचं सासूच्या आधी मावशीला कळलं होतं. मावशी काही बोलली नाही, फक्त पोटाशी कापड जरा जास्त सोडलं.

स्वतःला मात्र तिनं कधी टेप लावली नाही.

त्या वर्षी शाळेच्या गणवेशांचं काम डोक्यावर होतं. उन्हाळा तापलेला. मावशीला तहान लागायची, आणि ती काही केल्या भागायची नाही. इस्त्रीच्या धगीनं घसा सुकतो, असं तिनं ठरवलं. समोरच्या दुकानातून गार सरबताची बाटली आणायची आणि उभ्याउभ्या रिकामी करायची. घटकाभरानं पुन्हा कोरड.

मग सारखं लघवीला उठावं लागायला लागलं. एवढं पाणी प्यायल्यावर दुसरं काय होणार? सुईत दोरा ओवताना टोक दिसेना. वय झालं, चष्मा बदलायला हवा. संध्याकाळी पाय लाकडासारखे व्हायचे. आयुष्यभर पायडल मारलं, पाय कुरकुरणारच. प्रत्येक तक्रारीला तिनं आपली एकेक पिशवी दिली, एकेक खुंटी दिली. सरमिसळ होऊ दिली नाही.

आणि ती बारीक होत गेली.

निळा ड्रेस तिचा लाडका. तो खांद्यावरून ओघळायला लागला, तेव्हा तिनं कापडाला नावं ठेवली. "धुऊन धुऊन सैल पडलंय मेलं." काखेखालून एक शिवण घातली, ड्रेस अंगाशी बसला. काही आठवड्यांनी पुन्हा सैल. पुन्हा शिवण. आतल्या बाजूला शिवणींच्या रांगा वाढत गेल्या. बाहेरून ड्रेस बेतलेला दिसायचा.

गिऱ्हाइकं तोंड भरून कौतुक करायची. पलीकडच्या शाळेतल्या बाई तर मागेच लागल्या. "मावशी, काय सुरेख बारीक झालात! आम्हालाही सांगा की गुपित."

"काम करा," मावशी म्हणायची. वर वर फटकारायची, पण आतून सुखावायची. लहानपणापासून तिला कोणी बारीक म्हटलं नव्हतं.

कुणालाच काही खटकलं नाही, ही यातली विचार करायला लावणारी गोष्ट. दुखण्याचा चेहरा उतरलेला असतो, अशी आपली समजूत. हे दुखणं कौतुक घेऊन आलं होतं.

दुकानाच्या दारात स्टुलावर काजवाली अक्का बसायची. मावशीहून बरीच मोठी. काजं करायची, बटणं लावायची आणि बोलायची. तिचे हात दमले तर दमोत, तोंड दमत नसे.

त्या दिवशी दुपारी अक्काचं बटण घरंगळत मशीनखाली गेलं. ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"ए बये, पाय उचल."

"का? झाडू मारतेस का आत्ता?"

"उचल म्हणते ना."

मावशी नेहमी अनवाणी पायडल मारायची. तिनं उजवा पाय उचलला. करंगळीच्या मुळाशी तळव्यात एक टाचणी होती, पार डोक्यापर्यंत रुतलेली. भोवतालची कातडी काळपट. पायडलवर डाग, तोही वाळलेला.

"कधी घुसली ही?"

मावशी पायाकडे बघत राहिली. शिंप्याच्या दुकानात टाचणी पायात घुसणं यात नवल काही नाही. पण टाचणी घुसली की मावशी गल्ली डोक्यावर घ्यायची. आज, काल, परवा, ती ओरडल्याचं दोघींनाही आठवेना.

"दुखत नाही?" अक्कानं विचारलं.

"नाही."

"हात लावते, बघ. कळतंय?"

"लाव ना."

"अगं, लावलाय."

 कळ नाही, याचंच मावशीला भय वाटलं. पाऊल वरपर्यंत लाल होतं आणि गरम. तिला वाटलं, हा पाय कुणीतरी आपल्याकडे शिवायला टाकून गेलंय.

"गणवेशांचा गठ्ठा संपवते आणि जाते," ती म्हणाली.

"गठ्ठा गेला खड्ड्यात. ऊठ." अक्कानं मशीनवरचं कापड ओढून घेतलं. "तुला उचलून न्यायला लावू नकोस. माझी कंबर जाईल, मग मला कोण नेणार?"

अक्कानं शटर ओढलं, किल्ली आपल्या कमरेला खोचली.

दवाखान्यातली डॉक्टर पोरसवदा होती. तिनं पाय पाहिला, ताप पाहिला. मग पायाचं सोडून भलतंच विचारायला लागली. तहान लागते? सारखं लघवीला जावं लागतं? अंधूक दिसतं? वजन उतरलंय का?

मावशी प्रत्येकाला हो म्हणत गेली. आधी सहज, मग हळू.

"वजन मुद्दाम उतरवलं का?"

"नाही. आपोआप."

"आपोआप उतरलेलं वजन चांगलं नसतं हो, मावशी."

डॉक्टरनं बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब यंत्रात घातला. आकडा बघून तिनं यंत्र मावशीकडे वळवलं. साखर. बऱ्याच दिवसांची असणार, ती म्हणाली. या साखरेनंच तहान आणली, तिनंच डोळे अंधूक केले, मांस झिजवलं, पायाच्या शिरा बधिर केल्या. वरून सरबताच्या बाटल्या.

 मनातल्या मनात मावशी खुंट्यांवरून एकेक पिशवी उतरवत होती. सगळ्यांतले तुकडे एकाच अंगाचे निघाले. आयुष्य कापड जुळवण्यात गेलं आणि हे जुळवता आलं नाही.

"गणवेश द्यायचेत," तरी ती म्हणाली. "परवा जाऊ का मोठ्या हॉस्पिटलात?"

"आज. इथूनच. लाली वर चढतेय, ताप आहे. परवापर्यंत थांबलात तर एक बोट कापून भागेल असं मी सांगू शकत नाही."

"पायडल मारता येईल ना?"

हाच तिचा खरा प्रश्न होता. घर, दुकान, माणसांत असलेला मान, सगळं त्या पायावर उभं होतं.

"आज गेलात तर बहुतेक येईल," डॉक्टर म्हणाली.

अक्कानं तिचा दंड धरला. तो हॉस्पिटलपर्यंत सोडला नाही.

करंगळी गेली. पाय राहिला.

नवरा खाटेशी बसून एकच घोकत होता, "माझ्यासमोर झिजली आणि मी थट्टा करत राहिलो." शेवटी मावशीच म्हणाली, "अहो, टेप माझ्या गळ्यात होती. तुमच्या नाही."

आता ती दुकानात बंद बूट घालून बसते. घालण्याआधी ते उलटे करून झटकते, आत बोटं फिरवते. घरी आल्यावर नवरा तिचे तळवे दिव्याखाली धरून बघतो, बोटांच्या बेचक्यासुद्धा. पहिल्या दिवशी ती लाजली होती. औषध चालू आहे, समोरचं सरबत बंद. सरबतवाला रुसलाय.

मध्यंतरी शाळेतल्या बाई ड्रेस घेऊन आल्या. "मावशी, जरा कमी करून द्या. उतरलंय हो वजन!"

मावशीनं ड्रेस हातात घेतलाच नाही. "मुद्दाम उतरवलं, की आपोआप?"

बाईंचं हसू विरलं. "म्हणजे? रोज चालते की टेकडीपर्यंत. पोळ्या कमी केल्या."

"तहान?"

"नाही."

"मग आणा इकडे," म्हणत मावशीनं टाचण्यांची डबी ओढली. बाई गेल्यावर अक्का म्हणाली, "आता गिऱ्हाइकांची लघवी तपासशील." मावशी हसली, पण पुढच्या गिऱ्हाइकालाही विचारायची ती विसरली नाही.

थंडी पडता पडता निळा ड्रेस काखेत दाटायला लागला. मावशीनं तो उलटा करून टेबलावर पसरला. आतल्या रांगा पहिल्यांदाच नीट दिसल्या, एकीला लागून दुसरी, तिला लागून तिसरी. सगळ्या सरळ, एकही टाका चुकलेला नाही.

"काय बघतेस एवढं?" अक्कानं दारातून विचारलं.

"शिवण चांगली घातलीय," मावशी म्हणाली, आणि बारीक कात्री घेऊन सगळ्यात आतली रांग उसवायला बसली.