धरायले काही भेटत नाई

चामोर्शीच्या आमच्या कॉलेजात एक मॅडम प्राणिशास्त्र शिकवतात, अजूनही तासिका तत्त्वावरच, कायम नाहीत. मी तिथं लायब्ररीत आहे. मधल्या सुट्टीत त्या येतात, चपला काढून खुर्चीत बसतात आणि पोटऱ्या दाबत बोलतात. कुठलंही बोलणं शेवटी 'जाऊ द्या'वरच येतं. "यंदाबी जागा भरून नाई राह्यले म्हणे, भाऊ. जाऊ द्या." खरं सांगायचं तर मला त्या दोन शब्दांचा कंटाळा येतो.

त्यांची पीएचडी तळ्यातल्या गोगलगाईच्या अंड्यांवर चालू आहे. अंड्यातल्या पिल्लाच्या अंगात कॅल्शियम धरून ठेवणारी प्रोटीनं असतात आणि त्यांच्या मदतीनं शंख तयार होतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. अंडी त्या दोन बरण्यांत ठेवतात, एकीत तळ्याचं पाणी, दुसरीत कॅल्शियम काढून टाकलेलं. दुसऱ्या बरणीतल्या पिल्लांना शंख येत नाही, ती मरतात.

"प्रोटीन तं हाये त्याईच्यात," त्या एकदा म्हणाल्या. "धरायले काही भेटत नाई. जाऊ द्या."

डॉक्टरांनी त्यांना स्वतःला हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आहेत. काल पुस्तक द्यायला प्रयोगशाळेत गेलो, तर त्या पर्समधली गोळी चमच्यानं चुरून दुसऱ्या बरणीत टाकत होत्या.

"मॅडम, प्रयोग बिघडला ना."

"बिघडला." बरणीवरची 'कॅल्शियम नाही' ही चिठ्ठी त्यांनी नखानं खरवडून काढली. "पाहवत नवतं, भाऊ. पुन्हा मांडीन."

मग त्या चमचा धुवायला लागल्या. मी थोडा वेळ थांबलो, पण 'जाऊ द्या' काही त्या म्हणाल्या नाहीत.