माझा खोकला बायको काढते

माझा खोकला माझी बायको काढते. ऐकणाऱ्याला हसू येतं, येऊ दे. रांजणगावच्या कंपनीतून पाळी संपवून येताना माझी मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली आणि मान मोडली. आता दंड हलतात, मनगटं उचलता येतात, पण बोटं मिटत नाहीत आणि छातीखालचं काही कळत नाही. पोटाचे स्नायूच कामातून गेल्यावर माणूस खोकणार कशानं? कफ साठला की बायको पलंगावर चढते, बरगड्यांखाली दोन्ही तळवे टेकवते, "हं, आता!" म्हणते आणि मी खोकायला गेलो की अंगातलं सगळं बळ लावून पोट आत, वर ढकलते. पुण्याच्या दवाखान्यात तिला हे शिकवलं. बघणाऱ्याला मात्र ती मला बुकलतेय असंच वाटतं.

त्याच दवाखान्यात डॉक्टरांनी बजावलं होतं, अपघातातून वाचलात, पण साधा फ्लू तुम्हाला नेऊ शकतो. म्हणून दरवर्षी थंडीच्या आधी फ्लूचं इंजेक्शन मी घेतो, ती घेते. त्यानंही सगळा धोका टळत नाही, तेव्हा खोकणाऱ्याला घरात घ्यायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. आमच्या खुटबाव गावात हा कायदा चालवायचा म्हणजे रोज कुणाशी तरी भांडण. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस थेट पलंगावर बसतो, तोंडावरून हात फिरवतो आणि शिंक आली तर तिथंच शिंकतो. बायकोनं कितीतरी जणांना अंगणातूनच वाटेला लावलं. गावानं तिला उर्मट ठरवलं आणि मला बायकोच्या मुठीतला. आम्ही दोन्ही चालवून घेतलं.

गेल्या थंडीत माझे शिरूरचे मामा आले. त्यांनी मुलीचं लग्न काढलं होतं आणि ते शिरूर-दौंडमधली पाव्हण्यांची घरं पालथी घालत पत्रिका वाटत फिरत होते. डोळे लाल, नाक वाहतंय, खोकला तर रस्त्यावरूनच ऐकू आला. बायको दारात आडवी आली.

"मामा, भाईर बसा. च्या भाईरच आणते. पत्रिका मी देते त्येंच्यापशी."

"सख्ख्या भाच्याला आमंत्रण दारातनं द्यू व्हय? मी काय भीक मागाया आलोय?"

"तुमाला खोकला हाय. त्येंला लागला तर जीव जाईल त्येंचा."

"तू कोण गं मला आडवणारी?"

मामांनी खांद्यानं असा धक्का दिला की ती चौकटीवर आपटली. आत येऊन ते माझ्या पलंगावर बसले, तळहातात खोकले, आणि त्याच हातानं माझ्या हातावर लग्नाच्या अक्षता ठेवून माझी बोटं एकेक करून मिटवली. वर त्यांच्या डोळ्यांत पाणी. "मामा, लांब व्हा!" मी ओरडलो, पण माझा आवाज तो केवढा! त्यांना ते रडणं वाटलं. "रडू नगं, भाच्या," म्हणत त्यांनी मला पोटाशी धरलं. मला त्यांचा गळा दाबावासा वाटला. हे उगीच म्हणत नाही. बोटं मिटत असती तर दाबला असता.

दोन-तीन दिवसांत मला ताप भरला. छाती घरघरायला लागली. दौंडला न्यायला गाडी सांगितली होती आणि ती येईपर्यंत बायको पलंगावर चढून माझं पोट ढकलत होती. केस सुटलेले, घामानं निथळलेली, तोंडानं "खोका! खोका म्हणते ना!" गाडीसाठी दार उघडंच होतं. मी आजारी पडल्याचं कळून मामा भेटायला आले, ते सरळ आत.

"मारती व्हय गं त्याला? लुळ्या माणसाला मारती?"

त्यांनी तिला केसांना धरून खाली ओढलं आणि डाव्या कानावर सणसणीत ठेवून दिली. ती उठली, त्यांनी पुन्हा मारलं. "सोडा मामा, त्ये मरत्याल!" ती किंचाळत होती, आणि मामांना ती धमकीच वाटत होती. कफ माझ्या घशात अडकला होता. श्वास आत जाईना, बाहेर येईना. माझ्या बायकोला माझ्या डोळ्यांदेखत माझ्यासाठी मार बसत होता आणि एक शब्द बोलायला माझ्याकडं हवा नव्हती.

मामा पलंगापाशी वाकले तसा मी दंडातून हात फेकला. मनगटाचं हाड मामांच्या नाकावर बसलं. रक्त आलं. ते मागं सरले तशी बायको माझ्यावर झेपावली आणि तिनं असा दाब दिला की माझी बरगडी कडाडली. ती थांबली नाही. पुन्हा दिला. कफाचा गोळा बाहेर पडला, मागोमाग श्वास आला, आणि त्या पहिल्याच श्वासावर मी म्हणालो, "मामा, चालते व्हा." आमच्या घराण्यात मामाला असं कुणी बोललं नव्हतं.

दौंडच्या दवाखान्यात मी फ्लूतून निभावलो. इंजेक्शन घेतलं नसतं तर आणखी जड गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. बायकोच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता. त्या कानानं तिला आता ऐकू येत नाही. लग्नाला आम्ही गेलो नाही.

यंदा थंडीच्या तोंडावर मामा आले. मास्क लावलेला, अंगणातच थांबले. घरातल्या सगळ्यांना इंजेक्शन दिल्याचं त्यांनी मला खिडकीतून सांगितलं. बायको खिडकीसमोरच दोरीवर कपडे वाळत घालत होती. मामा तिच्या डाव्या अंगाला, मागं जाऊन उभे राहिले, टोपी काढली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, चुकलं माझं. माफ कर मला."

तिनं माझा सदरा झटकला, दोरीवर टाकला आणि रिकामी बादली घेऊन मागच्या दारानं आत गेली. मामांनी टोपी घातली आणि ते निघाले. तिच्या त्या कानाचं सांगायला खिडकीतून मला त्यांना हाक मारता आली असती. मी मारली नाही.