ड्रॉइंगसरांचा वर्ग

आमच्या शाळेत रजेची एक रीत होती. ज्याला रजा हवी असेल त्याने आपले तास कोण घेणार हे आधी ठरवायचं, त्या माणसाला राजी करायचं आणि मगच मोठ्या बाईंकडे जायचं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. आम्हा कायम शिक्षकांना त्याचं काही वाटत नसे. आज मी तुझा तास घेतला, उद्या तू माझा घे. पण ज्याची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची, त्याला प्रत्येकापुढे हात जोडावे लागत. आमचे ड्रॉइंगसर तसे होते.

उंच, जरासे पोक काढून चालणारे. दारात समोरून कुणी आलं, अगदी पाचवीतलं पोर आलं, तरी हे बाजूला होऊन वाट देणार. शिक्षकांच्या खोलीत सभा चालू असली की ऐकता ऐकता समोरचा कप हळूच फिरवत, त्याच्या कानावर उजेड पडेपर्यंत. तो पडला की समाधानाने मागे टेकत. सभेत काय ठरलं हे त्यांना नंतर मी सांगायचो. त्यांचं माझ्याशी जमायचं ते बहुधा त्यामुळेच.

सुट्टी संपली की त्यांना वर्षभरासाठी नव्याने घेतलं जाई. कायम कधी करणार असं विचारलं तर मोठ्या बाई म्हणायच्या, पुढच्या वर्षी बघू. त्यांची बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. मोजकंच बोलायची, पण नेमकं. ती एकदा माझ्यासमोर म्हणाली, "यांचं पुढचं वर्ष कधी येतच नाही, सर. येतं ते दर वेळी हेच वर्ष."

तिनेच त्यांना इतर गावी अर्ज करायला लावले. कायम नोकरीला वयाची अट होती आणि त्या वर्षाअखेर ते त्या अटीबाहेर जाणार होते. म्हणजे मिळाली तर यंदा, नाहीतर कधीच नाही. मुलाखती शाळेच्याच दिवशी असत. इथे कळलं तर आहे तेही जायचं, म्हणून कारण शोधावं लागलं. ते सापडलं मामांच्या डोळ्यांत. सरांचे एक मामा दूरच्या गावी राहत. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, असं सांगून सर पहिल्या मुलाखतीला गेले. खऱ्या मामांची नजर अशी होती की अजून सुईत दोरा स्वतः ओवत.

दुसऱ्या मुलाखतीला दुसरा डोळा झाला. तिसऱ्या वेळी सर तास घेण्याची विनंती करत शिक्षकांच्या खोलीत फिरू लागले, तेव्हा गणिताच्या बाईंनी वहीतून मान वर न करता विचारलं, "तुमच्या मामांना डोळे किती हो?"

सगळे हसले. सरही हसले, पण कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. मग त्यांचा तास मीच घ्यायचा असं आमचं ठरून गेलं. खरं कारण त्यांनी मला एकट्याला सांगितलं होतं.

तास घेणाऱ्याला आपल्यामुळे त्रास होऊ नये, याचा त्यांना ध्यासच होता. बदलीच्या तासाला मुलं काय गोंधळ घालतात ते मास्तरकी केलेल्याला सांगायला नको. म्हणून त्यांनी वर्गालाच तयार केलं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा थक्क झालो. घंटा झाली तशी दोन मुलींनी मधोमध स्टूल ठेवलं. एकाने कपाटातून मोडकी छत्री काढून त्यावर आडवी ठेवली. बाकीच्यांनी बाकं उचलून भोवती गोल केला. उचलून, ओढत नव्हे. फरशीवर एक चरा नाही, कानाला एक कर्कश आवाज नाही. "बाकाला पाय आहेत म्हणून त्याला फरफटवायचं नाही," हे सरांचं वाक्य एका मुलाने मला अगदी सरांच्या सुरात सांगितलं. मग पेन्सिली खाली ठेवून सगळी मुलं नुसती छत्रीकडे बघत राहिली. बघून झालं की काढायचं. काढून झालं की चित्रं भिंतीपाशी मांडायची आणि दुसऱ्याच्या चित्रात काय दिसलं ते प्रत्येकाने सांगायचं. चांगलं की वाईट ते नाही, नुसतं काय दिसलं ते. मला करायला काही उरलं नव्हतं. मी खुर्चीत बसून निबंध तपासले.

मोठ्या बाई फेरीवर असताना खिडकीशी थांबल्या. बराच वेळ पाहत राहिल्या आणि पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रॉइंगसरांना सगळ्यांसमोर म्हटलं की तुम्ही नसतानाही वर्ग इतका शांत बसतो, कमाल आहे. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेली ही पहिली शाबासकी. सरांनी ती घरी जाऊन सांगितली. बायको पोळ्या लाटत होती. तिचा हात थांबला. "बाईंनी हे बघायला नको होतं," ती म्हणाली. सरांना वाटलं, हिला कशाचं कौतुकच नाही.

मुलाखतींच्या हकिकती ते मला शाळा सुटल्यावर सांगत. स्वतःवरच हसत, पण हसण्यात दम नसे. एका ठिकाणी चित्रकलेचं काहीच न विचारता नाटकाचे पडदे रंगवाल का, पाहुण्यांना आणायला जाल का, असं विचारलं. दुसरीकडे उमेदवारांना बाकड्यावर बसवून ठेवलं आणि शिपाई चहा घेऊन आला तो आधीच आत नेऊन बसवलेल्या एका उमेदवारासाठी. "तेव्हाच उठायला हवं होतं," सर म्हणाले. "पण म्हटलं, आलोच आहोत तर तोंड दाखवून जावं."

अशा प्रत्येक दिवसासाठी त्यांचा एक निळा शर्ट होता. तो एरवी कधी अंगावर चढत नसे. बायको त्याला इस्त्री करून ठेवी आणि त्यांची लहान मुलगी तो दोरीवर दिसला की विचारी, आज मामाआजोबांचे डोळे का?

शेवटची मुलाखत मात्र चांगली झाली. तिथे वर्गावर पाठ घ्यायला सांगितला. सरांनी अनोळखी मुलांपुढे आपला बूट काढून टेबलावर ठेवला आणि नुसतं बघायला लावलं. निवड करणाऱ्यांपैकी एक जण स्वतःच कागद घेऊन काढायला बसला. शेवटी ती मंडळी म्हणाली, आमचा होकार समजा, फक्त सध्याच्या शाळेचा अनुभवाचा दाखला आणून द्या. सर परतले ते जिना दोन-दोन पायऱ्या चढत. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

दाखला मागायचा म्हणजे खरं सांगणं आलं. एकट्याने जायचा त्यांना धीर होईना, म्हणून मी सोबत गेलो. मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मामांना आता दिसायला लागलं म्हणायचं," त्या म्हणाल्या.

सरांनी मान खाली घातली. बाई रागावतील अशी आमची तयारी होती. त्या रागावल्या नाहीत. उलट खुर्चीत सैलावल्या.

"बरंच झालं. तुम्हाला कसं सांगावं याच विचारात मी होते. पुढच्या वर्षापासून चित्रकलेला वेगळा माणूस ठेवायचा नाही, असं ठरलंय. भूगोलाचे सर बघतील. वर्ग काय, तुमच्याशिवायही बसतोच की. मी स्वतः पाहिलाय."

"बाई, तो बसतो कारण..." सर बोलता बोलता थांबले. बाई वाट पाहत होत्या, अगदी सभ्यपणे. "काही नाही," सर म्हणाले.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडलोच. वाक्य पुरं का केलं नाही? ते म्हणाले, स्वतःच्या तोंडाने स्वतःची टिमकी काय वाजवायची? आणि आता गरज काय? नोकरी तर मिळालीच आहे.

दाखला लगेच मिळाला. भाषाही चांगली होती, मनमिळाऊ, कष्टाळू वगैरे. तो घेऊन ते त्या गावी गेले तेव्हा कार्यालयातल्या कारकुनाने त्यांना बसायलाही सांगितलं नाही. ती जागा संस्थाचालकांच्या जावयाला दिली होती. "दाखला हवा तर ठेवून जा," कारकून म्हणाला. "पुढेमागे उपयोगी पडेल." पुढेही नव्हतं आणि मागेही. वयाची मुदत संपत आली होती आणि आमच्या शाळेतलं दार तर वर्ग तयार करून त्यांनी स्वतःच्या हाताने लावून घेतलं होतं.

शाळेतल्या त्यांच्या शेवटच्या दिवशी गणिताच्या बाई त्यांच्याजवळ गेल्या. "मामांना नमस्कार सांगा," एवढंच म्हणाल्या आणि डोळे पुसायला चष्मा काढला.

नव्या वर्षी काही दिवस वर्ग जुन्या सवयीने चालला. भूगोलाचे सर मनाने भले. मुलं गप्प आहेत म्हटल्यावर ते आपले नकाशे तपासत बसत. पण यंदा आलेल्या नव्या मुलांना कुणी काही सांगितलं नाही. बाकं ओढली जाऊ लागली. छत्री कुणीतरी उघडायला गेलं, तिच्या काड्या तुटल्या. पेन्सिली खाली ठेवून बघण्याचा तर कुणाला पत्ताच नव्हता. एक दिवस कल्लोळ ऐकून मोठ्या बाई खिडकीशी आल्या. मी जवळच होतो.

"बघितलंत? तुमच्या ड्रॉइंगसरांनी वर्गाला शिस्त म्हणून लावलीच नव्हती."

"लावली होती, बाई."

"मग गेली कुठे?" त्या म्हणाल्या, आणि उत्तरासाठी थांबल्या नाहीत.

वर्ष सरता सरता मला ड्रॉइंगसर दिसले ते बाजारात, शिडीवर. एका दुकानाची पाटी रंगवत होते. अंगात तोच निळा शर्ट, रंगाच्या डागांनी भरलेला. मला पाहून खाली यायला निघाले, मी नको म्हटलं. मुलगी बरी आहे, कामं मिळतात, बायको अजून औषधांच्या दुकानात आहे, असं सांगून झालं. मग जे विचारायचं होतं ते विचारलं.

"मुलं बाकं उचलूनच नेतात ना, सर?"

मला वाटलं, खरं सांगितलं तर बरं वाटेल या माणसाला. कळेल तरी की वर्ग आपोआप बसत नव्हता, याच्यामुळे बसत होता. कुणीतरी हे त्यांना सांगायला हवंच होतं.

"नाही हो," मी म्हणालो. "ओढतात. खूप गोंधळ घालतात. कुणाला आवरत नाहीत."

त्यांचा कुंचला हातातच राहिला. पाटीवर रंगाचा एक ओघळ उतरला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"मग माझंच शिकवायचं काहीतरी राहून गेलं," ते म्हणाले.

मी परोपरीने समजावलं. ते मान हलवत राहिले, माझं मन मोडू नये म्हणून. मग बोटाला फडकं गुंडाळून त्यांनी तो ओघळ पुसला आणि पुढचं अक्षर रंगवायला घेतलं.