स्टुलाखालचे बूट

निम्मे गहू निवडून झाले होते, निम्मे ताटात तसेच पडले होते, तेवढ्यात खालून लेकीची हाक आली. "आई, बँकेत शूटिंग सुरू झालंय. येतेस, की तुला न्यायला मोटार पाठवायची?"

काकूंनी ताट फडक्याने झाकलं आणि चपला पायांत सरकवल्या.

बँक कसली, आता नुसती रिकामी इमारत. सत्तावीस वर्षांपूर्वी दुपारी दोनला तिथे दरोडा पडला आणि दारातले पहारेकरी, म्हणजे काकूंचे यजमान, पहिल्याच गोळीला गेले. त्या खऱ्या घटनेवर आता मालिका निघत होती, तीही खऱ्या जागी. ते गेल्याचं दुःख काकूंनी कधीच देवाच्या पायाशी ठेवलं होतं. सलत होतं ते वेगळंच. पेपरातल्या फोटोत स्टुलाखाली त्यांचे बूट दिसत होते आणि खाली छापलं होतं, पहारेकरी बूट काढून झोपला होता. काकूंनी तेव्हा कानीकपाळी ओरडून सांगितलं, पण ऐकतो कोण? आता तेच घरोघरी दिसणार होतं.

खरं तर रोज दुपारी दोनला, जेवणाच्या सुट्टीनंतर बँकेचं दार उघडण्याआधी, यजमान बूट काढून डोळे मिटायचे आणि देवाचं नाव घ्यायचे. पायांत बूट ठेवून नाव घेणं त्यांना जमायचंच नाही. "देवाला दोन मिनिटं, साहेबाला बारा तास," असं हसत सांगायचे. एरवी डोळ्यांत तेल घालून बसणारा माणूस.

दिग्दर्शक भला होता. खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकूनही घेतलं. पण लिखाणात झोपच आहे, पेपरात तसंच आलंय, असं म्हणून त्याने हात वर केले.

मग पहारेकरी झालेला नट बाहेर आला. तोंडवळा यजमानांसारखा नव्हता, पण तोच खाकी रंग, तीच घोट्याच्या वर चढलेली पँट. स्टुलावर बसून त्याने बूट काढले, एक इकडे भिरकावला, एक तिकडे.

काकू उठल्या. वाकून त्यांनी दोन्ही बूट उचलले आणि टाचा भिंतीला टेकवून स्टुलाखाली जोडून ठेवले. "झोप आलेला माणूस बूट असे जोडून ठेवतो होय रे? बघ तो फोटो."

नटाने फोटो मागवला. दिग्दर्शकही वाकून बघत राहिला. फोटोतही बूट तसेच होते, टाचा भिंतीला, जोडून ठेवलेले.

"काकू, ओठ हलायचे?" नटाने विचारलं.

"हलायचे. आवाज नाही."

एकदा करून बघू, असं दिग्दर्शक म्हणाला. नटाने बूट जोडून ठेवले, डोळे मिटले. ओठ हलू लागले. काकूंनी हे कधी पाहिलंच नव्हतं. त्या वेळी त्या घरी असायच्या, आपल्या देवापुढे. वीस वर्षांच्या संसारात ती दोन मिनिटं नुसती ऐकीव होती. त्यांचेही ओठ हलले.

दिग्दर्शकाने कागदावरची एक ओळ पेन्सिलने खोडली. मग हळूच म्हणाला, "आता गोळीचा प्रसंग आहे. तुम्ही थांबणार?"

"नाही रे बाबा. ते बसलेत, तसेच बसू देत."

लेकीने हात धरला. काकूंनी वळून पाहिलं नाही. गिरणी पाचला बंद होते, उरलेले गहू निवडून दळण टाकायचं होतं.