विहिरीवरचा लाल आकडा

मोर्च्याच्या फलकांसाठी लाल रंगाचा डबा उघडला की त्या वासाने आजही आमची विहीर आठवते. मी सात वर्षांची होते. रानशेतला, आमच्या गावी, सरकारी माणसांनी आमच्या विहिरीत फीत सोडून पाणी मोजलं आणि कठड्यावर लाल आकडा रंगवला. "आकडा पडला म्हणजे जमीन गेली," म्हणत आईने तो शेणाने सारवला. साहेब पुन्हा आले, तेव्हा मी त्या शेणावरच बसले.

"पोरी, विहिरीवरची खूण कुठाय?"

"इथं विहीरच नाय!"

मागे आईची बादली पाण्यात आदळली. साहेब हसले.

ते फक्त पाण्याची पातळी मोजत होते, हे आता कळतं. पण मोजलेलं पाणी कुणाचं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. तोच प्रश्न मी आज लाल रंगाने फलकावर लिहिते: 'पाणी कुणाचं?'