सत्ती-दुर्रीचा जावई

मी माझ्या सासऱ्यांशी आयुष्यात एकदाच खोटं बोललो, आणि ते कराडच्या केबलवर थेट दाखवलं गेलं. (‘एकदाच बोललात असं नाही, एकदाच सापडलात,’ ही दुरुस्ती माझ्या बायकोची, वैशालीची.)

याची सुरुवात माझ्या घोट्यापासून झाली. मी सांगलीत ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. ‘जिन्यावरून उतरताना मोबाईल बघू नका’ असं मागे वळून मुलांना सांगता सांगता मी स्वतःच चार पायऱ्या एकदम उतरलो. दीड महिना प्लॅस्टर! पाय उशीवर, रिमोट हातात. क्रिकेट संपलं, बातम्या संपल्या (म्हणजे त्या संपत नाहीत, मी संपलो) आणि एका दुपारी मला पोकर सापडलं.

गोल टेबल, काळे चष्मे लावलेली गप्प माणसं, पुढ्यात रंगीत चकत्यांचे मनोरे. प्रत्येकाला दोन पत्ते उपडे, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच उघडे. आणि गंमत म्हणजे ते उपडे पत्ते आपल्याला घरबसल्या दिसतात, शेजारी जिंकण्याची टक्केवारीसुद्धा! वीस वर्षं मी मुलांना संभाव्यता शिकवतोय, पण संभाव्यतेला घाम फुटलेला मी प्रथमच पाहिला. पंधरा दिवसांत मला सगळे नियम पाठ झाले. आपली पाळी येईपर्यंत बोलायचं नाही. डाव चालू असताना पत्त्यांविषयी चकार शब्द काढायचा नाही. दुसऱ्याला सल्ला द्यायचा नाही. जिंकलात तर नाचायचं नाही, हरलात तर फुगायचं नाही.

एवढं ज्ञान झाल्यावर मी ते स्वतःजवळ ठेवायला हवं होतं. पण मी मास्तर!

प्लॅस्टर निघालं आणि आम्ही कराडला गेलो. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, पंचाहत्तरावं लागलं होतं. आबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मिशी अजून ड्युटीवर. त्यांचा माझ्यावर फार विश्वास. गल्लीत कुणाशीही बोलताना म्हणायचे, “आमचं जावई मास्तर हायत. त्यांचा शब्द म्हंजी शब्द!” हे ऐकलं की मी नम्रपणे खाली बघायचो आणि वैशाली वर छताकडं.

माझा मेहुणा विकास तिथं केबलचा धंदा करतो. त्याचं स्वतःचं एक चॅनेल आहे. त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, भाजीचे भाव आणि रविवारी दुपारी कुस्ती. त्या रविवारी पावसानं आखाड्याचा चिखल झाला, कुस्ती रद्द झाली आणि विकास डोकं धरून बसला.

“दाजी, दोन तास मोकळं पडल्यात. लोक दगड मारतील.”

“पोकर दाखव,” मी म्हणालो. (हे दोन शब्द कुणीतरी माझ्या तोंडात परत कोंबले असते तर!)

अर्ध्या तासात मी त्याला सगळं समजावलं. त्यानं आबांच्या काचेच्या टीपॉयवरचं क्रोशाचं कव्हर काढलं आणि खाली पालथ्या पातेल्यांवर चार मोबाईल ठेवले. काचेवर पत्ते उपडे ठेवले की खालून ते दिसणार. एकदम परदेशी काम! आवाज नको म्हणून खिडक्या बंद, दार बंद, पंखासुद्धा बंद.

“एक लक्षात ठेव,” मी म्हणालो, “पत्ते दाखवायचे तर खेळ थोडा उशिरा दाखवतात. नाहीतर बाहेरचा बघून आतल्याला सांगेल.”

“लाइव्ह म्हंजी लाइव्ह, दाजी. उशिरा दाखवाय काय शिळी भाकरी हाय?”

मी सोडून दिलं. दार तर बंदच होतं.

आता पैशाचा खेळ नको, म्हणून चकत्यांऐवजी बटणं. ती पुरवली शांताआत्यांनी. या आबांच्या थोरल्या बहीण; वय ऐंशीच्या घरात आणि अजून पुढच्या खोलीत शिवणयंत्र चालवतात. शर्टाचं बटण म्हणजे एक, कोटाचं म्हणजे दहा. अट एकच, “मलाबी खेळाय घ्या.” चौथा गडी म्हणून सर्जेराव पैलवान आला. त्याचीच कुस्ती रद्द झाली होती, त्यामुळं त्याला कुणाला तरी पाडायचंच होतं.

मी कॅमेऱ्याकडं बघून पाच मिनिटं नियम सांगितले. कुठला हात कुठल्या हातापेक्षा मोठा, तेही सांगितलं. तीन राजांपेक्षा ओळीनं पाच पत्ते मोठे, हे तर दोनदा सांगितलं. (हेच पुढं मला भोवलं.) मग पत्ते वाटले.

आबांनी आपले दोन पत्ते उचलून हातभर लांब धरले आणि चष्म्याशिवाय न्याहाळले. “आक्का, ह्यो गुलाम का राजा गं?”

“आबा, दाखवायचे नाहीत!” मी ओरडलो.

“आवं, सख्ख्या भनीला दाखवायचं न्हाई?”

“गुलाम हाय,” आत्या म्हणाल्या. “माज्याकडं राणी हाय. लगीन लावूया का?”

पहिला डाव असा फुटला. दुसऱ्या डावात मध्ये चांगली पंधरा-वीस बटणं जमली होती, तेवढ्यात पुढच्या दारी कुणीतरी सफारी न्यायला आलं. आत्यांनी शांतपणे ढिगात हात घातला, चार तपकिरी बटणं उचलली आणि उठल्या.

“आत्या, ती मधली बटणं आहेत! डाव संपेपर्यंत हात लावता येत नाही.”

“आन गिऱ्हाईक काय बटणाबिगर जाईल व्हय?”

त्या बटणं लावून परत येईपर्यंत दहा मिनिटं गेली. तेवढ्या वेळात कराडला मी संभाव्यता शिकवली. सर्जेरावाच्या हातात दोन बदाम, मध्ये दोन बदाम. पाचवा बदाम आला तर तो जिंकणार होता, आणि एकच पत्ता उघडायचा राहिला होता. (हे त्यानंच जाहीर केलं. नियम सांगून मी थकलो होतो.)

“बदाम राहिलेत नऊ. न पाहिलेले पत्ते शेहेचाळीस. म्हणजे साधारण पाचात एकदा.”

“म्हंजी येणार का न्हाई?”

“पाच वेळा खेळलात तर एकदा येईल.”

“ही कितवी येळ?”

“तसं नसतं हो, सर्जेराव!”

पत्ता उघडला. बदामाची नश्शी! सर्जेराव उठला आणि त्यानं दणक्यात शड्डू ठोकला. त्या दणक्यानं टीपॉय हललं, पातेल्यावरचा एक मोबाईल कलंडला आणि पुढचा अर्धा तास सगळ्या कराडनं आबांच्या गुडघ्याचं दर्शन घेतलं.

आणि मग तो डाव आला.

मला मिळाली सत्ती आणि दुर्री. वेगवेगळ्या रंगांची. पोकरमध्ये याहून भिकार सुरुवात नाही. शहाणा माणूस हे पत्ते लगेच टाकून देतो. पण मी अख्खी दुपार एकही डाव जिंकलो नव्हतो. गणिताचा मास्तर, नियमांचा पंडित, आणि पुढ्यात शर्टाची अकरा बटणं उरलेली! टीव्हीवरचे काळ्या चष्म्याचे गडी आठवले. अशा वेळी ते काय करतात? काही नसताना सगळं असल्यासारखे बसतात. ब्लफ करतात.

मध्ये आले राजा, नश्शी, चौकी, मग छक्की, शेवटी राणी. आत्यांनी पत्ते टाकले, सर्जेरावानंही टाकले. उरलो मी आणि आबा. मी अकराच्या अकरा बटणं पुढं सरकवली.

आबांनी बटणांकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मिशीवरून हात फिरवला.

“जावईबापू, खरंच मोठं हाय व्हय तुमच्याकडं?”

आता इथं गप्प बसणं हा सर्वांत सभ्य मार्ग होता. नियमही तोच सांगतो. पण जीभ मास्तराची.

“मोठं आहे, आबा. ओळीनं पाच. सोडा तुम्ही.”

आबांनी क्षणभरही विचार केला नाही. “तुमी म्हणताय म्हंजी हायच,” म्हणाले आणि आपले पत्ते उघडे करून टाकून दिले. दोन राजे! मधला धरून तीन! त्या टेबलावर त्यांना कुणीच हरवू शकत नव्हतं, आणि माझ्या एका शब्दावर त्यांनी डाव सोडला होता.

मी अकरा बटणांसकट ढीग ओढून घेतला. आणि तेवढ्यात बंद खिडक्यांतून आवाज आला. आधी समोरच्या चहाच्या हॉटेलातून, मग वरच्या माडीवरून, मग मागच्या आळीतून. सगळी गल्लीच एका सुरात ओरडत होती. कुणीतरी दार बडवायला लागलं.

“आबाऽऽ! आवं सत्ती-दुर्री हाय! जावयानं फशिवलं!”

त्याच वेळी स्वयंपाकघराचं दार उघडलं. आत टीव्हीसमोर बसून पोहे निवडणारी वैशाली सूप घेऊनच बाहेर आली. “अहो! माझ्या बापाशी? आणि माझ्याच माहेरात बसून?”

“वैशाली, हा खेळाचा भाग आहे. याला ब्लफ म्हणतात. आबा, हे नियमात बसतं.”

“बसत आसंल,” आबा म्हणाले. आवाज अगदी हळू होता, आणि तेच वाईट होतं. “आमीबी फौजेत फशिवलंय. पन दुश्मनाला. मी कोन तुमचा?”

सर्जेराव बोटं मोडत बसला. विकासनं कॅमेरा बंद करायला हात पुढं केला, तर आत्यांनी त्याच्या हातावर चापट मारली. “ऱ्हाऊ दे. आता कुटं रंगतंय.”

आबांच्या कपाळावर आठी पडली. ती माझ्या ओळखीची होती. आबा काहीतरी आठवत होते.

“जावईबापू, पोरगी बघाय आलावता तवा तुमी म्हणालावता, नोकरी पर्मनंट हाय.”

“झाली नंतर, आबा. दोन वर्षांनी.”

“म्हंजी तवा नव्हती.”

“तेव्हा… जवळजवळ होती.”

“सांगलीत सोताच्या दोन खोल्या हायत म्हणालावता.”

“त्या मामाच्या होत्या. पण आम्ही राहायचो स्वतःच.”

बाहेर हॉटेलात हशा पिकला. तो मला दोनदा ऐकू आला, एकदा खिडकीतून आणि एकदा आतल्या टीव्हीतून.

“आन दारूला शिवत न्हाई म्हणालावता?”

“ते खरं आहे!” मी जवळजवळ उभा राहिलो. “आबा, ते अगदी खरं आहे! विचारा वैशालीला!”

वैशाली पोह्यातला खडा शोधण्यात गुंग झाली. (दारू मी खरोखर घेत नाही. पण त्या क्षणी माझा स्वतःचाही माझ्यावर विश्वास बसेना.)

त्यानंतरचा डाव आत्यांनी जिंकला. सगळ्यांची बटणं पिशवीत भरली आणि म्हणाल्या, “गिऱ्हाइकाच्या बुशशर्टाची चार शोधत हुते, ती घावली.” कार्यक्रम संपला. विकासला म्हणे एवढे फोन कधीच आले नव्हते. कुस्तीपेक्षा हेच दर रविवारी लावा, अशी मागणी होती; फक्त जावई बदलू नका!

संध्याकाळी मी आबांच्या खाटेशी जाऊन बसलो. नियम, टक्केवारी, परदेशी पद्धत, सगळं गुंडाळून ठेवलं. “आबा, चुकलं माझं. हरतोय म्हणून लाज वाटत होती. म्हणून बोललो.”

आबांनी मिशीला पीळ दिला. “आवं, हरला आसता तर कोन काय म्हणलं आसतं? मी तर सकाळधरनं हरत हुतो. लय मजा येत हुती.” मग थोड्या वेळानं स्वतःशीच हसले. “पन गड्या, तोंडावरची माशी हलू दिली न्हाई तुमी. फौजेत आसता तर हेरखात्यात घातलं आसतं.”

आबांनी मला पहिल्यांदाच गड्या म्हटलं होतं. जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी एक डबा माझ्या हातात दिला. “काकवी हाय. मी सांगतोय म्हंजी काकवीच हाय, उघडून बघू नका.” गल्लीत चार माणसं हसली. मीही हसलो. दुसरं करणार काय?

एसटी स्टँडवर सांगलीची गाडी लागली होती. आम्ही चढलो, जागा मिळाली, कंडक्टर आला.

“सांगली. एक फुल, एक लेडीज हाफ,” मी म्हणालो.

मशिनवरचं त्याचं बोट तसंच राहिलं. “आवं, दाजी न्हवं का तुमी? केबलवरचं?”

अर्धी बस वळली. मी मान हलवली. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. उगीच अजून एक खोटं.

कंडक्टर माझ्यावरून नजर काढून वैशालीकडं वळला आणि अत्यंत आदरानं त्यानं विचारलं, “वैनी, तुमीच सांगा. ह्यांला खरंच सांगलीला जायचंय न्हवं?”

वैशालीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “द्या सांगलीचं,” ती म्हणाली. “लबाड आहेत, पण घर तिथंच आहे.”

दोन दिवसांत माझ्या बाजूनं बोलला गेलेला हा पहिलाच शब्द होता. मी कंडक्टरकडं ऐटीत पाहिलं आणि म्हणालो, “ऐकलंत ना?”